डिस्क परत केलेली नाही

बाबा,

नवी हार्ड डिस्क बिघडलेली नाही आणि मला कुणी गंडवलेलंही नाही. काल ती दुकानात नेली, तर तिथल्या कॉम्प्युटरवर झटक्यात दिसली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या मोठ्या डिस्कला वीज जास्त लागते आणि तेवढी पुरवायचा दम आपल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नाही. म्हणून ती नुसती टकटक करत बसायची. आता मध्ये वेगळा प्लग असलेला हब जोडलाय.

तुमच्या स्टुडिओतले सगळे फोटो डिस्कवर उतरताहेत. ते पूर्ण होईपर्यंत काही बंद करू नका. इस्त्रीसाठी तो प्लग उपटलात, तर माझ्या नावाने ओरडायचं नाही.

चहाचं पातेलं ओट्यावर काढून ठेवलंय. दुपारचा चहा तुमचा तुम्ही करून घ्या.

परवा सगळ्यांदेखत म्हणालात ना, "सूनबाई, तुला यातलं काय कळतं? मुकाट्याने दुकानात जा!" तर दुकानातच गेलेय. काल मी दोष शोधला तेव्हा मालक बघत होते. आजपासून त्यांच्या रिपेअरिंगच्या टेबलावर मी बसणार आहे.

सूनबाई