व्याहीबुवांवर दावा लावण्यापूर्वी

व्याहीबुवा यांस,

सप्रेम आणि (वकीलबाईंनी बजावलंय म्हणून) कोणताही हक्क न सोडता नमस्कार.

तुमची मान कशी आहे? विहीणबाईंचा रक्तदाब? मोटारीचा पुढचा दिवा बसवलात का? अहोजाहो करतो आहे ते लेकीचे सासरे म्हणून; शाळेतल्या बाकावरचा जोडीदार म्हणून मधेच अरेतुरेवर घसरेन, ते मनावर घेऊ नका. माझा उजवा खांदा अजून झोळीत आहे, तेव्हा हे सगळं डाव्या हाताने चाललंय. अक्षर बघून हसू येईल. पहिलीत माझं असंच होतं आणि तेव्हाही तूच हसला होतास.

त्या दुपारी काय घडलं हे हल्ली लोक मलाच समजावून सांगतात, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तुमच्या मोटारीतून परत येत होतो, चाक तुमच्या हाती (तुमची नजर उत्तम आहे, असं त्यांनी नुकतंच सांगितलं होतं). पुलावरून पाणी चमकलं आणि मला सहावीतली नदीची कविता आठवली. काय दिवस होते ते! खिडकीतून ऊन थेट फळ्यावर यायचं आणि खडूची धूळसुद्धा सोन्याची दिसायची. असो. पहिलं कडवं मी म्हटलं, दुसरं तुम्ही उचललंत, तिसरं दोघांनी मिळून, आणि चौथ्याला तुम्ही अडलात. गुरुजींची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे: अडलं की डोळे मिटायचे, हात जोडायचे, ओळ आपोआप वर येते. तुम्ही डोळे मिटलेत. (हातही जोडलेत, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.) ओळ खरोखर वर आली, तुम्ही ती बिनचूक म्हटलीत, आणि त्याच क्षणी आपण लॉन्ड्रीत शिरलो. लॉन्ड्रीवाला इस्त्री हातात धरून तुमचं कडवं संपेपर्यंत उभा होता. हल्ली इतका सभ्य श्रोता मिळत नाही.

त्याने दुसऱ्याच दिवशी तुमच्या विमा कंपनीकडे भरपाईचा अर्ज ठोकला, त्याचं नवं काउंटर आलंसुद्धा. मी मात्र नदीकाठीच रमलो. आता वकीलबाई सांगतात की दाव्याची मुदत या शुक्रवारी संपते. त्यानंतर माझा खांदा कायद्याच्या दृष्टीने धडधाकट. तो प्रत्यक्षात वर जात नाही, वरच्या फळीवरची पुस्तकं मला परकी झाली आहेत, आणि शस्त्रक्रिया स्वतःच्या खिशातून करायची तर घर विकावं लागेल. भरपाई विमा कंपनीने द्यायची, पण दावा चालकावर लावायचा, म्हणजे तुमच्यावर. लेक विचारते, "बाबा, मग मी कोणाच्या बाजूने बसू?" मी म्हटलं, मधे बस, लहानपणी बसायचीस तशी.

हे सगळं मी गोडीत केलं असतं. पण वकीलबाईंनी तुमचा जबाब दाखवला. "शेजारी बसलेल्या इसमाने लक्ष विचलित केले." इसम? पहिलीपासून तुझ्या डब्यात हात घालणारा मी, तुझ्या नातवाचा आजोबा मी, आणि मी इसम? कंपनीच्या माणसाने लिहिलं आणि तुम्ही चष्म्याशिवाय सही केलीत, असं विहीणबाई म्हणतात. उत्तम नजरेचा काय उपयोग झाला मग?

त्या शब्दावर कंपनी म्हणते की निम्मी चूक माझी. मी मुळीच मान्य करणार नाही. कविता मी काढली, हो. डोळे मिटायला मी सांगितलं नव्हतं, गुरुजींनी सांगितलं होतं. त्यांच्यावर दावा लागतो का, हेही मी विचारून घेतलं. वकीलबाई म्हणाल्या, "ती मुदत केव्हाच उलटली, काका." आमचे चिरंजीव म्हणतात, कवितेचं नावच काढू नका, मांजर आडवं आलं म्हणून सांगा. मी साफ नकार दिला. मांजर नव्हतं, कविता होती, आणि न्यायाधीशांनी विचारलं तर चारही कडवी म्हणून दाखवीन. मग ठरवू दे त्यांना, अशा कवितेला कोणाचे डोळे उघडे राहिले असते.

तेव्हा दावा लावणार म्हणजे लावणार. कळावे.

आपला,
इसम

ता.क. शुक्रवारी सकाळी सही करायला मला स्वतः जावं लागणार आहे. चिरंजीव परगावी आहेत, आणि एका हाताने टॅक्सीत चढणं जमत नाही. तुमची मोटार दुरुस्त होऊन आल्याचं लेकीकडून आत्ताच कळलं. न्यायला या. मी मागे बसेन आणि गप्प बसेन.

दुसरा ता.क. वकीलबाई म्हणाल्या, असे दावे वर्षानुवर्षं चालतात, तारखेवर तारीख पडते, आणि दोन्ही पक्षांना हजर राहावं लागतं. त्या हे वाईट वाटून सांगत होत्या. अपघातापासून तू एकदाही घरी फिरकला नाहीस, लाजून लेकीच्या हाती संत्री पाठवत बसलास. आता बघतोच कसा येत नाहीस ते.