तीन म्हटल्यावर सुटणारा हात

सर, दिवाळीनंतरच्या आठवड्यात आपल्या कराटेच्या क्लासमधल्या एका मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. क्लासमध्ये नाही. कोचिंगहून घरी येताना, दौलतगंजात, स्वतःच्या गल्लीच्या तोंडाशी, दिवेलागणीच्या वेळी. एका माणसानं तिचं मनगट धरलं, आणि तिनं तेच केलं जे सहा वर्षं मी तिला शिकवलं आणि त्याआधी मला तुम्ही शिकवलं होतं. पाय रोवला, कोपर आत घेतलं, त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं मनगट फिरवून झटका दिला. हात सुटला नाही. तिनं पुन्हा दिला. तेव्हा त्या माणसानं तिला नुसतं ढकललं आणि ती नालीच्या दगडावर पडली. समोरचा डेअरीवाला ओरडत बाहेर आला म्हणून तो पळाला. एवढंच. लिहायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, पण दीड महिना मी ह्यातून बाहेर पडू शकलेली नाही.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. क्लास अजून मंडळाच्या त्याच हॉलमध्ये भरतो, गणपतीच्या दहा दिवसांत अजून बंद असतो, आणि मी अजून तुमच्याच आवाजात एक-दोन मोजते असं जुने लोक सांगतात. मुली मात्र ह्या हिंदी शहरात वाढून आता मराठीत कमी बोलतात. ही मुलगीही हिंदीच बोलते, घरी मराठी असूनसुद्धा. सतरा वर्षांची आहे, कमी बोलणारी. तिचा काता, म्हणजे एकटीनं ठरलेल्या क्रमानं करायच्या त्या सगळ्या हालचाली, इतका स्वच्छ की नव्या मुलींना मी म्हणायची, तिच्या पायांकडे बघा. तुम्हाला ती फार आवडली असती.

तिची आई पुढच्या मंगळवारी क्लासला आली. मुली सतरंज्या गुंडाळत होत्या. मी मनात तयारी करून ठेवली होती, की ही आता रागावेल आणि मी ऐकून घेईन. ती चपला काढून आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

"ताई, मी भांडायला नाही आले," ती म्हणाली. "एकच विचारायचं होतं. तिचं काय चुकलं?"

मी म्हटलं, "तिचं काही चुकलं नाही."

"असं नका सांगू. ती दिवसभर एकाच हातानं तेच तेच करून राहिली आहे. डावा हात पट्ट्यात आहे, उजवा असा फिरवते. मला म्हणते, तू पकड. मी पकडते. माझ्याकडून तर सुटतो तिचा हात. मग ती रडते. काय चुकलं ते सांगा एकदा, म्हणजे थांबेल तरी."

मी दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. पोरगी पलंगावर बसली होती, खांद्याभोवती पट्टा. मला बघून उठायला लागली, मी बसवलं. तिनं मला सगळं पुन्हा करून दाखवलं, तो कुठे उभा होता, ती कुठे. मग म्हणाली, "टीचर, मैं भाग सकती थी. त्यानं पकडायच्या आधी मला टाइम होता. दुकानं उघडी होती. पण मला वाटलं, मला येतं ना हे."

सर, ह्यावर मी तिला काय सांगायला हवं होतं? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा पिऊन परत आले. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. ती काहीच न शिकलेली असती, तर पळाली असती. मी तिला उभं राहायला शिकवलं, म्हणून ती उभी राहिली.

मला आठवतं, मी सोळा वर्षांची आहे, आणि घोड्यावर बसल्यासारखं गुडघे वाकवून आम्ही रांगेत उभ्या आहोत. तुम्ही ऑफिसमधून थेट आला आहात, शर्टाच्या खिशात अजून दोन पेनं आहेत. मी विचारते, "सर, रस्त्यात कोणी अंगावर आलं तर असं उभं राहायचं का?" बाकीच्या हसतात. तुम्ही हसत नाही. तुम्ही म्हणता, "सगळ्यांनी बसा. ही उभी राहील." पाऊण तास मी तशीच उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या, घाम डोळ्यांत जात होता. शेवटी तुम्ही जवळ आलात आणि म्हणालात, "आता विचार." मला विचारायचं काही उरलंच नव्हतं. कित्येक वर्षं मी हा किस्सा मुलींना सांगत आले, की बघा, सरांनी मला कसं उत्तर दिलं. आता वाटतं, ते उत्तर होतं का? की तुमच्याकडेही नव्हतं, आणि मला गप्प करायला पाऊण तास लागला?

समोरासमोर मारामारीचा सराव तुम्ही कधी होऊ दिला नाहीत. म्हणायचात, मुलींच्या घरून पाठवणार नाहीत, तोंडावर लागलं तर काय उत्तर देऊ. ते खरंच होतं. त्या काळी इथल्या आपल्या मराठी घरांतून मुली येत होत्या हेच पुष्कळ. पण तुम्ही असंही म्हणायचात की काता पुरेसा आहे, दहा हजार वेळा केलेली गोष्ट शरीर आपोआप करतं. हे मी जसंच्या तसं पुढे सांगितलं. तिचं शरीर आपोआपच करत होतं, सर. तोच तर घोटाळा झाला.

आणखी एक दिवस आहे. तो मी कधी तुमच्यासमोर काढला नाही. मी एकोणीस वर्षांची होते, आईबरोबर सराफ्यात कानातलं सांधायला गेले होते. बाहेर आवाज वाढले म्हणून दुकानाच्या काचेतून पाहिलं, तर तुम्ही. तुमची स्कूटर आडवी पडलेली, आणि दोन माणसं तुम्हाला मारत होती. पहिल्यानं कॉलर धरून थोबाडीत दिली, दुसऱ्यानं चपलेनं. तुम्ही मारलं नाहीत. अडवलंही नाहीत. लोकांनी सोडवलं, तुम्ही स्कूटर उचलली, तीन-चार किका मारल्या आणि गेलात. आईनं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासला तुमचा ओठ सुजलेला होता. तुम्ही म्हणालात, दाढी करताना लागलं. आणि नेहमीसारखे मोजायला लागलात.

ही गोष्टसुद्धा मी मुलींना सांगत आले आहे, नाव गाव गाळून. माझ्या गोष्टीत ते गुरुजी दोघांनाही क्षणात लोळवू शकले असते, पण त्यांनी स्वतःला आवरलं. मुलींना ही गोष्ट फार आवडते. मलाही आवडायची. आता मी तो काचेतला देखावा पुन्हा पुन्हा आठवते आणि तुमच्या हातांकडे बघायचा प्रयत्न करते. मुठी वळलेल्या होत्या की हात नुसते लोंबत होते? कधी एक दिसतं, कधी दुसरं. तुम्ही मारलं नाहीत, की तुम्हाला मारता आलं नाही? हे जर मी तेव्हा विचारलं असतं तर आज मला थोडं तरी कळलं असतं, की मी तेहतीस वर्षं काय शिकवते आहे.

हजीऱ्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी जिम चालवते. आठ वर्षं माझ्याकडे होती, मग सोडून गेली, बाहेर जाऊन ग्लोव्ह्ज घालून खरं खरं लढायला शिकून आली. ती सोडून गेली तेव्हा मी महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. ह्या वेळी मीच गेले. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"टीचर, बुरा मत मानना," ती म्हणाली, "तुमच्या क्लासमध्ये पकडणारी मुलगी हात कधी सोडते?"

"तीन म्हटल्यावर," मी म्हटलं.

"मग तुम्ही दोघींना शिकवता. एकीला सोडवायला, आणि दुसरीला सोडायला."

मला राग यायला हवा होता, आला नाही. मी म्हटलं, "म्हणजे तुझी पद्धत बरोबर?"

ती म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्याकडचा सगळ्यात तयार लडका पार्किंगवरून भांडला. समोरच्याला दोन ठोशांत खाली बसवलं. मागून त्याच्या भावानं वीट मारली. बारा टाके. रिंगमध्ये मागून कोणी येत नाही ना, टीचर. त्याला वळून बघायची सवयच नाही."

"मग शिकवायचं तरी काय?"

"पळायला," ती म्हणाली. "पण पळायला शिकायला कोण येतं?"

मी तिथून निघाले तेव्हा गेले होते त्यापेक्षा जास्त गोंधळलेली होते. आणि ह्या गोंधळात भर म्हणून आपल्या क्लासमध्ये एक बँकेतल्या बाई आहेत, पन्नाशीच्या, ज्यांचा डावा-उजवा पाय अजून चुकतो. बाड्याच्या चौकाजवळ त्यांची पर्स ओढणाऱ्याला त्यांनी डब्याच्या पिशवीनं असं हाणलं की तो पर्स टाकून पळाला. पेढे घेऊन आल्या, म्हणाल्या, "सगळं तुमच्यामुळे." मी त्यांना डबा फिरवायला कधी शिकवलं होतं?

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात मी घरी आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होता. हात कापत होते, दाणे खाली पडत होते, आणि काकू तुम्ही बघत नसताना ते उचलून परातीत टाकत होत्या. मी बोलता बोलता म्हटलं, "सर, तुमच्यामुळे किती मुली लढायला शिकल्या." तुम्ही शेंग हातात धरून थांबलात. म्हणालात, "लढायला शिकवलं असं मला नाही वाटत गं. काय शिकवलं ते नीट माहीत नाही. मुली मान वर करून चालायला लागल्या, एवढं दिसलं." मी ते नम्रपणाचं बोलणं समजले. घरी येऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलं. तुम्ही खरंच मला काहीतरी सांगत होता का? तसं असेल तर, सर, जरा मोठ्यानं सांगायला हवं होतं. ती मुलगी मान वर करूनच चालत होती.

मी एक दिवस नियम मोडून पाहिला. मुलींना म्हटलं, आज पकडणारीनं सोडायचं नाही, काही झालं तरी. दोन मिनिटांत हॉलचा बाजार झाला. कोणी हसते, कोणी चावते, एकीचं कोपर दुसरीच्या डोळ्याला लागलं. एकीनं सगळं विसरून गुडघा मारला आणि सुटली, मग घाबरून स्वतःच रडत बसली. एकीचाही हात तुम्ही शिकवलेल्या रीतीनं सुटला नाही. त्या आठवड्यात दोघींच्या आया येऊन सांगून गेल्या, आता परीक्षा आहेत, नंतर बघू. उरलेल्या मुली मात्र विचारत राहिल्या, टीचर, ते पुन्हा कधी करायचं.

गेल्या गुरुवारी मी हजीऱ्याला जाऊन ग्लोव्ह्ज घातले. बावन्नाव्या वर्षी. समोर वीस-बावीस वर्षांची एक मुलगी होती, सहा महिने शिकलेली. तिला सांगितलं होतं हळू मार. मी तुम्ही शिकवला तसा पवित्रा घेतला, अगदी नेमका, आणि तिनं मला नाकावर मारलं. जोरात नव्हतं. पण माझे डोळे मिटले, हात खाली गेले, आणि मी जिथल्या तिथे उभी राहिले. जिमवाली लांबून म्हणाली, "टीचर, आँखें." त्या मुलीनं पुन्हा मारलं, माझे डोळे पुन्हा मिटले. तेव्हा लक्षात आलं की आयुष्यात मला कोणी कधी मारलेलंच नाही. घरी नाही, शाळेत नाही, तुमच्या क्लासमध्ये तर नाहीच. घरी येताना सवारीच्या टेम्पोत बसून मला तुमचा खूप राग आला, आणि थोड्या वेळानं तुमची कीवही आली, आणि फुलबागेपर्यंत येईतो ह्यातलं कोणतं खरं ते मला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी क्लासला पहिला काता घेतला. का घेतला माहीत नाही. पहिली दहा मिनिटं आणखी काय करायचं ते सुचलं नाही. तीस मुलींचे पाय एकदम जमिनीवर पडले आणि मला बरं वाटलं, इतकं बरं की लाज वाटली. ह्याचा रस्त्यात काही उपयोग नसेल. कदाचित असेल. हे ठरवायचं कसं, त्याची रीत तुम्ही शिकवली नाहीत.

काकू गेल्यावर तुमचं घर तुमच्या मुलानं विकलं. तिथे आता दुसरे लोक राहतात, त्यामुळे पाठवायचं म्हटलं तरी हे पाठवायला पत्ता नाही. लिहून झालं की फाडेन, किंवा राहील वहीत.

काल त्या मुलीचा फोन आला. डॉक्टरांनी पट्टा काढला आहे. म्हणाली, "टीचर, सोमवार से आऊँ? शुरू से सिखाओगी?" मी लगेच हो म्हटलं. तिनं थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. सर, तिला सोमवारी काय शिकवायचं ते मला माहीत नाही. आणि माहीत नाही हे तिला सांगायचं धाडस अजून मला झालेलं नाही.