मिठागराचं मीठ आणि तुमचा मासा

बाबा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली आणि मला अजून तुमच्याशी त्या माशाबद्दल बोलायचं आहे. खारदांड्याच्या कोळ्यांच्या जाळ्यात जिवंत सापडलेला तो एंजल मासा, जेवणाच्या ताटाएवढा, तपकिरी अंगावर निळ्या कमानी. तुम्ही तो पिंपात घालून नाहूरला घरी आणलात. साकीनाक्याच्या कारखान्यातून काचा आणून टाकी स्वतः जोडलीत. दर रविवारी खारदांड्याहून दोन कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचात, तिसऱ्यांचे शिंपले फोडून त्याला हाताने भरवायचात. आमच्यापैकी कुणाला तुम्ही असं भरवलेलं मला आठवत नाही. पण त्या वर्षी मी बी.एस्सी. झाले आणि घरात माझा शब्द चालू लागला. इंग्रजी पत्र आलं की तुम्ही ते आधी माझ्यापुढे ठेवायचात.

तुमचा गुडघा सुजला तेव्हा मीच म्हणाले, आता कॅन उचलू नका. मीठ समुद्राचंच ना? मिठागरं तर आपल्या मागेच आहेत. पाण्यात मोजून घातलं की परत समुद्र. पुस्तकातला आकडाही वाचून दाखवला. "तुका कळता, तर तू कर," तुम्ही म्हणालात. मी तराजू घेऊन बसले, टाकी पूर्ण रिकामी केली आणि माझ्या पाण्याने भरली. समुद्र आटून मीठ होताना त्यातलं बरंच काही मिठागरातच मागे राहतं, हे मला ठाऊक नव्हतं. कुणाला विचारावं असं वाटलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मासा मेला. तुम्ही ओरडला नाहीत. आईला एवढंच म्हणालात, "साफ कर आणि तळ." अजून डोळ्यांपुढे येतं: मी ताटावर बसले आहे, ताटात तोच मासा. आई म्हणते, "अवो, पोर रडता हा." तुम्ही मान वर करत नाही. "रडांदे. ग्रॅज्युएट बाईंका विचार, मीठ बरोबर पडलां मां?" धाकटा भाऊ फिदीफिदी हसतो. मी शेवटचा तुकडा गिळेपर्यंत तुम्ही समोरून उठला नाहीत. त्यानंतर तुम्ही मला काहीही विचारलं नाही. आजारपणात डॉक्टरांचा कागदसुद्धा समोरच्या बिऱ्हाडातल्या, मॅट्रिक नापास झालेल्या माणसाकडून वाचून घेतलात. तो एकेक अक्षर लावत होता आणि मी तिथेच पाण्याचा पेला घेऊन उभी होते.

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोग फसला तर तसाच लिहा, खोडू नका, असं मुलींना बजावते. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून मीही लिहून टाकते. पाणी बदललं त्याच संध्याकाळी मासा काचेला टेकला होता, कल्ले जोरजोरात हलत होते. "काय गो, हो असो कित्याक करता?" तुम्ही विचारलंत. "नव्या पाण्याला सरावतोय," मी म्हटलं.

सरावत नव्हता, बाबा. मला दिसत होतं. पण तसं सांगितलं असतं, तर तुम्ही मला पुन्हा काही विचारलं नसतं.