नणंद आगाटा हिला दिलेली मागची खोली

मी, युस्टिना हार्डर, कॉर्नेलियस सुताराची विधवा, वय वर्षे बहात्तर, राहणार रोझेनहोफ, चुई खोरे, किर्गिझस्तान, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही, करून पाहावीच. नोटरीबाई टंकलिखित करून देणार होत्या, मी नको म्हटले. टंकलेखनात कोण कधी एखादी ओळ घुसवेल, सांगता येत नाही. प्रत्येक पानाच्या शेवटी रेघ मारली आहे. रेघेखाली काही आढळल्यास ते माझे नव्हे.

१. घर, अंगण व जर्दाळूची तीन झाडे जर्मनीत असलेली माझी मुलगी मार्गा हिला. पुतण्या विली याला यातले काही नाही. गेल्या महिन्यात तो दोनदा आला. "सहज आलो, काकू," म्हणाला. सहज येणारा माणूस मोजायची टेप घेऊन येत नाही.

२. रंधे, पटाश्या व करवती शेजारीण बुरुलचा हिला. कॉर्नेलियस कैद्यांच्या छावणीत होता तेव्हा आमच्या जर्मन ख्रिस्ती मंडळीतले लोक या गल्लीतून जायला भीत. ही मुसलमान बाई मात्र रोज दूध आणून ठेवी. मी ते आधी मांजराला पाजून बघत असे. तिने ते ओळखले होते. एकदा कुंपणावरून म्हणाली, "तुझं मांजर भलतंच लठ्ठ झालंय गं!"

३. मागची खोली माझी नणंद आगाटा हिला मरेपर्यंत वापरावयास. मार्गाने तिला बाहेर काढू नये. तळघराची किल्ली मात्र बुरुलचाकडेच राहील.

याचे कारण लिहिणे भाग आहे. १९६२ साली पोलीस सरळ आमच्या खुराड्यापाशी गेले. घरात शिरले नाहीत, काही विचारले नाही. कोंबड्या हाकलल्या, फळी उचकटली आणि खाली लपवलेली, बंदी असलेली स्तोत्रपुस्तके बाहेर काढली. ती जागा आम्हा नवराबायकोखेरीज फक्त आगाटाला ठाऊक होती. कॉर्नेलियसला पाच वर्षे सक्तमजुरी झाली. परत आला तो खोकत आला, आणि चार वर्षांत गेला. अटकेनंतर आगाटा फाटकाशी आली होती. "वहिनी, दार उघड ना."

"कोणी पाठवलंय तुला?" मी विचारले. दार उघडले नाही. पुढे प्रार्थनेला ती ज्या बाकावर बसे, त्या बाकावर मी कधी बसले नाही.

या वसंतात तिची मुले जर्मनीला गेली. "तुला नंतर बोलावतो," म्हणाली. दुसऱ्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "वहिनी, खुराडं मीच दाखवलं. पोराला उचलून नेतो म्हणाले होते."

"मला ठाऊक होतं," म्हणून मी दार लावून घेतले.

४. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. अटकेनंतर चार महिन्यांनी, मी तिला घरात प्रार्थना शिकवते म्हणून, माझी नऊ वर्षांची मार्गा सरकारी वसतिगृहात नेली. पोलिसांच्या साहेबाने कागद पुढे केला. मी देव मानत नाही आणि मंडळीत कोण कोण येते ते कळवत जाईन, असे त्यावर लिहिले होते. "सही करा, शनिवारी मुलगी घरी."

मी सही केली. शनिवारी मार्गा आली. महिन्याने साहेबाने नावे मागितली. मी तीन दिवस जेवले नव्हते. म्हटले, "नावं देणार नाही. आणि ती सहीही खोटी होती."

"मग मुलगी?"

"ती देवाची आहे. तुम्ही नेलीत तरी त्याचीच."

त्यांनी नेलीच. दोन वर्षे दर रविवारी मी अठरा किलोमीटर चालत जाऊन वसतिगृहाच्या कुंपणाबाहेर उभी राहत असे. त्याआधी मी प्रार्थनेत आईने शिकवलेले शब्द म्हणत असे. त्या कुंपणापाशी पहिल्यांदा माझे स्वतःचे शब्द आले. कधी कधी त्या शिव्याही होत्या. देवाने त्याही ऐकून घेतल्या असाव्यात, कारण मी पुढल्या रविवारी पुन्हा चालू शकत असे.

सहीचे मी कॉर्नेलियसलाही सांगितले नाही. स्वतः सही केल्यापासून मला जो तो सही केलेलाच दिसू लागला.

ऑगस्टमध्ये मी आगाटाच्या भाड्याच्या खोलीवर गेले आणि सगळे सांगितले. तिने स्टूल माझ्याकडे सरकवले. मग म्हणाली, "म्हणजे आपण दोघी सारख्याच."

"सारख्या कशा? तू पुस्तकं दिलीस, मी देवालाच दिलं. माझं पाप मोठं."

"इथेही तुलाच मोठेपणा हवा का, वहिनी?" ती म्हणाली. आम्ही दोघी हसलो, मग रडलो. त्याच आठवड्यात तिची पेटी इकडे आणली.

परवा दुपारी मागच्या खोलीतून कुजबुज ऐकू आली. कोणाशी बोलते म्हणून मी दाराला कान लावला. आगाटा एकटीच होती. माझे नाव घेऊन, माझे गुडघे दुखतात हे देवाला सांगत होती. मी दार ढकलले आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर तिच्या शेजारी टेकले.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत लिहून साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. आगाटाला वाटा असल्याने तिची साक्ष घेतलेली नाही. ती दाराशी उभी राहून ऐकत होती.

सही: युस्टिना हार्डर

साक्षीदार: १. हाइनरिख ड्यूक, मंडळीचे ज्येष्ठ
२. साइरा तोक्तोबेकोवा, गावची परिचारिका

रोझेनहोफ, ९ ऑक्टोबर १९९४