आतली भिंत

१७ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. आम्ही तिघं बरे आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. उत्तराला तीन आठवडे लागले. कामं होती म्हणणार होतो, पण तसं काही नाही. कागद काढायचो, परत ठेवून द्यायचो.

भावजींनी विचारलंय, तुमचं घर आमच्यासारखं फोमच्या साच्यांचं बांधावं का. बांधावं. फोमचे पोकळ ठोकळे एकावर एक रचायचे, आत सळया, वरून काँक्रीट ओतायचं. साचा काढायचा नाही, तोच भिंतीत राहतो. उन्हाळ्यात आत गारवा टिकतो, थंडीत ऊब. विजेचं बिल निम्म्यावर आलं. मागच्या वादळात शेजाऱ्यांचे पत्रे उडाले, आमच्याकडे पोरगं गृहपाठ करत बसलं होतं.

आबा त्याला 'थर्माकोलचं खोकं' म्हणायचे. चाळीस वर्षं विटा रचलेला गवंडी, दुसरं काय म्हणणार? काम चालू असताना रोज खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या माणसांना सांगायचे, "नीट पॅक करा रे, फ्रिज नाही, म्हातारा ठेवायचाय." राहायला आल्यावर पहिल्याच थंडीत त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. तेव्हा म्हणाले, "खोकं बरं आहे." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

एक फायदा राहिला. आवाज. रस्त्यावरचं काही आत येत नाही. मी मात्र हौसेने बैठक आणि आबांची खोली यांच्यामधली भिंतही त्याच साच्यांची केली. आतल्या भिंतीला त्याची गरज नसते. गिऱ्हाइकांना घरी आणून दाखवता यावं, म्हणून केली.

ताई, चार महिन्यांपूर्वी मी तुला फोनवर सांगितलं, आबा झोपेत गेले आणि मी साइटवर होतो. दोन्ही खोटं आहे.

मी बैठकीत होतो. एक नवरा-बायको घर बघायला आले होते. त्यांना त्या भिंतीपाशी उभं केलं आणि मुठीने ठोकून दाखवलं. म्हटलं, "पलीकडे वडील झोपलेत. एवढ्याने ते कूससुद्धा बदलणार नाहीत. लोक म्हणतात भिंतीला कान असतात, हिला नाहीत." बाईंनी भिंतीला कान लावला. म्हणाल्या, "खरंच की, काहीच नाही." मग चहा झाला, काम ठरलं. त्यांना फाटकापर्यंत सोडून मी आबांना सांगायला गेलो.

ते पलंग आणि भिंत यांच्यामध्ये बसले होते. काठी हातात होती. जुन्या घरात त्यांनी भिंतीवर दोनदा ठोकलं की आपण धावायचो, तीच सवय. प्लास्टरला खळगे पडले होते. वरचे खोल, खालचे उथळ. मी त्यांना उचलून पलंगावर झोपवलं, पांघरूण घातलं आणि मग डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, तासभर झाला असेल. म्हणजे आमचा चहा चालू होता तेव्हा.

ही ऑफिसातून आली, तिलाही झोपेतच म्हणून सांगितलं.

तू पोचायच्या आत मी ते खळगे पुट्टीने भरले आणि वरून रंगाचा हात मारला. तू त्याच भिंतीला टेकून रडलीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि तुझ्या पदराला रंग लागतो का ते बघत होतो.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. जेवतो, कामावर जातो, लोकांना भिंती दाखवतो. आता ठोकून दाखवत नाही, एवढंच.

तुम्ही घर बांधा. बाहेरच्या भिंती साच्यांच्या करा, आतल्या साध्या ठेवा. तुझ्या सासूबाई एकट्या झोपतात, त्यांच्या खोलीचं तर नक्की. भावजींना कारण सांगायचं की नाही, ते तू ठरव. कामाला मला बोलवायचं की दुसऱ्या कुणाला, तेही. नाही बोलावलंस तर मी का म्हणून विचारणार नाही.

तुझा धाकटा,
त्या दुपारी घरातच असलेला