माडीवरची एसटी

श्रीरामपूर

प्रिय रूथ,

सप्रेम सलाम. गुडघे कसे आहेत? शुगर तपासलीस का? (उभं आयुष्य नर्स म्हणून दुसऱ्यांची तपासलीस, म्हणून विचारते.) बोर्डिंगमध्ये आपल्या खाटा शेजारी होत्या. दिवे मालवल्यावर सगळं तुला सांगायची सवय लागली, ती अजून सुटत नाही.

यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून जिना बंद आहे. मुलाचा कॉम्प्युटर माडीवर आणि त्यात यांचा बस चालवायचा गेम. (एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला माणूस घरी बसून पुन्हा बसच चालवतो!) गेम सुटला तसे हे जेवेनात, बोलेनात, नुसते छताकडे बघत पडून. शेवटी माझी भाची दिपाली, नागापूरच्या एमआयडीसीत असते ती, फोनवर म्हणाली, "मावशी, गेम वरच चालू दे, चित्र खालच्या टीव्हीवर आणू, काका खालूनच चालवतील." पण चित्र खाली पाठवणाऱ्या प्रोग्रामला आमच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड पसंत पडेना; जुनं आहे, चालणार नाही म्हणे. मग दिपालीने एक फाइल उघडायला लावली आणि आमच्या कार्डाच्या नावाजागी भारीतल्या कार्डाचं नाव लिहायला लावलं. रूथ, असल्या खोटेपणासाठी बोर्डिंगच्या सिस्टरांनी मला दिवसभर उभं केलं असतं! त्यात फोनला रेंज खाली आणि कॉम्प्युटर वर. जिना चढून-उतरून माझेच खुबे गेले.

लबाडी पचली. टीव्हीवर बस आली, हॉर्न मात्र माडीवरच वाजत राहिला. गच्चीत गहू वाळत घालणाऱ्या शेजारच्या छबूबाई धावत आल्या, "ओ बाई, तुमच्या माडीवर यष्टी चढली हाय!" त्या दिवशी हे कितीतरी दिवसांनी हसले आणि पोटभर जेवले.

आता दमले मी. चित्र जरा उशिरा पोचतं, त्यामुळे गाडी वळणावर शेतात जाते आणि बोलणी मला. शेजारच्या खुर्चीत कंडक्टर म्हणून बसावं लागतं. मी पेल्यावर चमचा दोनदा वाजवल्याशिवाय गाडी हलत नाही. कुकरसाठी उठले की, "अहो कंडक्टर, पॅसिंजर सोडून कुठं?" नोकरीत असताना हे सदा मुक्कामी गाडीवर, इतका वेळ शेजारी कधी बसलो नव्हतो. पाठ मोडली बघ माझी.

तुझी थकलेली,
मार्था

ता.क. डॉक्टरांचा फोन आला होता. यांना जिना चढायला आता हरकत नाही म्हणाले. मी अजून यांना सांगितलेलं नाही.

आणखी एक. जिना कधी चढू, म्हणून हे तुला फोन करून विचारतील. तुझा शब्द यांना डॉक्टरपेक्षा मोठा. नाताळापर्यंत जिना नकोच, असं ठणकावून सांग. वर खुर्ची एकच आहे.