बियाला ठेवलेला तांदुळजा

तर मम्मी, चूक औषधाच्या वेळेची नव्हती. जमिनीत ओल होती, पंपाला तणनाशकाचं चपटं नोझल लावलं होतं, तण दोन-चार पानांवर होतं. सोयाबीनमधलं बाकी सगळं गवत पिवळं पडलं आणि विहिरीकडच्या ओळींत तांदुळजा तेवढा हिरवागार उभा राहिला. शेजारचे काका दोन्ही रानांमधल्या धुऱ्यावरून बघत होते. म्हणाले, "डोस वाढव की पोरी." मी म्हटलं, "डोसचं नाही काका. इतकी वर्षं एकच औषध मारलंय, ते त्याला पचायला लागलंय. पुढच्या वर्षी दुसऱ्या गटातलं घ्यायचं, आणि हे उरलेलं बी धरायच्या आत उपटायचं." त्यावर काका म्हणाले, "इंग्लिश शाळेत तांदुळजाचा धडा होता का गं?" मला लई हसू आलं. घरी येताना वाटलं, हे कुणाला तरी सांगावं. पण पप्पा आता लातूरला ताईकडं असतात. फोनवर रोज विचारतात, जेवलीस का. काय जेवलीस, ते विचारत नाहीत.

मला शाळेच्या सुट्टीतला तो दिवस आठवतो. मी नांदेडहून आलेय, हॉस्टेलचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालूनच रानात शिरलेय. तू खुरपून राहिलीस, मी तुझ्या मागं. तुला दाखवायचं म्हणून मी भराभरा उपटतेय. तू मागं वळून बघतेस आणि माझा हात धरतेस. "ते ठिव. ते तण न्हाई, संध्याकाळचं कालवण हाय." मी विचारते, "मग तण कोणतं?" तू म्हणतेस, "जे आपुन खात न्हाई ते." संध्याकाळी लसूण ठेचून, वरून शेंगदाण्याचं कूट घालून ती भाजी झाली. विहिरीजवळचं एक झाड मात्र तू तोडलं नाहीस. "ते बियाला," म्हणालीस. दरवर्षी एक ठेवायचीस. म्हणजे आज रानात जो पसारा झालाय, तो मुळात तुझाच आहे. काकांना मी हे सांगितलं नाही.

तू गेलीस तेव्हा मी पाचवीत होते. त्यानंतर पप्पांनी खुरपण बंद केलं, फवारणी सुरू केली. औषधाची वेळ तांदुळजा बोटाएवढा असतानाची, आणि भाजी खुडायची तो वीतभर झाल्यावर. त्यामुळे इतक्या वर्षांत आपल्या रानात तो भाजीला पुरेल एवढा कधी झालाच नाही; एखाददुसरं झाड वाचून कुठंतरी बी धरायचं, तेवढंच. यंदा झाला, तर त्याच्यावर औषध पडलेलं. खाता येत नाही. मुदखेडच्या बाजारातून जुडी आणून करून बघितली. लसूण घातला, कूट घातलं. एकटीनं दोन दिवस पुरवली, पण ती चव आली नाही. तू कढईवर झाकण ठेवायचीस की नाही, तेवढं विचारायचं राहून गेलं.

आज सकाळपासून वाकून उपटत होते. मुळासकट काढून पोत्यात भरलं, धुऱ्यावर टाकलं नाही, नाहीतर तिथंच पुन्हा मूळ धरतं. शेवटी विहिरीजवळचं एक राहिलं. त्याला तुरे यायला लागलेत. काका म्हणाले, "ते दिसलं न्हाई व्हय?" मी म्हटलं, "कंबर गेली काका, उद्या काढते." कंबर काही गेली नव्हती.

औषध पचवलेल्या झाडाचं बी सांडलं तर पुढं रानभर तेच होणार, हे मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या कुणाच्या रानात असतं तर मीच उपटायला लावलं असतं. पण हे उपटलं की तुझं ठेवलेलं काहीच रानात उरत नाही. हा कागद तुला पोचणार नाही, काकांना दाखवण्यासारखाही नाही. तरी विचारते. उद्या ते काढू, का बियाला ठेवू?